आवरण्याची विद्या

दिवाळी तोंडावर आली की आमच्या शिरपूरच्या बाजारपेठेला निराळीच कळा चढते. कापसाची पहिली वेचणी घरात आलेली असते, चार पैसे हाती खुळखुळत असतात, आणि वर्षभर मनात घोळवलेले बेत एकेक करून उंबरठ्यापर्यंत येतात. पूर्वी हे बेत भांड्यांचे असत, लुगड्यांचे असत, फार तर बैलजोडीचे असत. अलीकडे घरातला मुलगा अठरा वर्षांचा झाला असेल तर बेत बहुधा एकच असतो. धनत्रयोदशीच्या किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर नवी मोटरसायकल दाराशी येते. आई तिला कुंकू लावते, हँडलला झेंडूचा हार पडतो, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवतात आणि मुलगा ते मोठ्या ऐटीने चिरडतो. मग पेढे वाटले जातात. त्या लिंबाबरोबर पुढची सगळी संकटेही चिरडली गेली, अशी सर्वांची मनोमन समजूत असते.

असाच एक सोहळा काही वर्षांपूर्वी माझ्या बहिणीच्या दारी झाला. गाडी मेहुण्यांनी घेतली. परंतु ती चालवायला भाच्याला शिकवले होते मी. मी चित्रकलेचा शिक्षक. दहावीपुढे पुस्तकी शिक्षण झाले नाही. हात रेषेवर बरा चालत असे म्हणून शाळेत लागलो, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहू लागलो. अशा माणसाकडे नात्यागोत्यातील मुले गाडी शिकायला का येतात, हे एक कोडेच आहे. कदाचित मास्तर म्हटला की त्याला काहीही शिकवता येत असणार, असा लोकांचा भाबडा विश्वास असावा. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज सकाळी शाळेच्या मोकळ्या मैदानावर मी भाच्याला माझ्या जुन्या गाडीवर बसवले. क्लच कसा सोडावा, गिअर कसा बदलावा, वळताना इशारा कसा द्यावा, सगळे सांगितले. मुलगा हुशार. पंधरा दिवसांत गाडी त्याच्या मांडीखाली शहाण्या घोड्यासारखी चालू लागली. पुढे त्याने परवान्याची परीक्षा दिली. सपाट जागेवर आखलेला आठाचा आकडा पाय न टेकवता पुरा केला, आणि सरकारनेही त्याला गाडी येते असा दाखला दिला.

भाऊबीजेच्या दिवशी बहिणीने मला ओवाळले. तबक खाली ठेवता ठेवता तिने हळूच विचारले, "दादा, त्याला गाडी येते ना रे आता?"

मी ओवाळणी टाकली आणि म्हणालो, "येते. तू काळजी करू नकोस."

हे एक वाक्य मी किती सहज उच्चारले! आज लिहायला बसलो आहे तो या एका वाक्याविषयी.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी भाचा आपल्या एका मित्राला डबलसीट घेऊन तोरणमाळला गेला. मित्र त्याच्याच वयाचा, नुकताच सूतगिरणीत कामाला लागलेला. तोरणमाळ हे आम्हा खानदेशकरांचे महाबळेश्वर. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते धुळे जिल्ह्यातून तिकडे गेले, पण आमच्या मनातून गेले नाही. सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच असे ते पठार. वर यशवंत तलाव, गोरखनाथाचे देऊळ, सीताखाईचा खोल कडा. शहाद्याकडून वर जाताना सातपायरीचा घाट लागतो. नावच सांगते, रस्ता पायरीपायरीने डोंगर चढतो. एका वळणावरून खाली पाहावे तर आपण आत्ताच मागे टाकलेला रस्ता पायांखाली फितीसारखा पडलेला दिसतो.

पोरे चढली ती मजेत चढली. तलावाकाठी बसून त्यांनी घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या, छायाचित्रे काढली. चढणीवर गाडी दमते, कुरकुरते आणि स्वाराला आपोआप जपून चालवते. कसोटी उतरणीला लागते. उतरताना भाच्याने गाडी न्यूट्रल केली आणि इंजिन बंद केले. गाडी आवाज न करता वाऱ्यासारखी खाली निघाली. पहिली दोन वळणे मौजेची वाटली. मग ब्रेकवर पाय पडला तो उठेना. चौथ्या की पाचव्या वळणापर्यंत मागच्या ब्रेकचे लायनर तापून त्यांतला जोर गेला. समोरून माणसांनी भरलेली एक जीप घाट चढून येत होती. पुढचा ब्रेक घाईने आवळला तर चाकाखाली बारीक खडी. गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात गेली आणि दगडावर आदळली. भाच्याच्या डोक्यावर हेल्मेट होते. तो झुडपात फेकला गेला आणि खरचटण्यावर निभावले. मित्राचा पाय गाडी आणि दगड यांच्यामध्ये सापडला. जीपमधल्या माणसांनी स्वतःचा प्रवास सोडून दोघांना खाली शहाद्याला पोहोचवले. त्या माणसांची नावेही आम्हांला कळली नाहीत.

धुळ्याच्या इस्पितळात मी त्या मित्राच्या आईला भेटलो. नवरा नसलेली बाई; दोन मुलांवर तिची सारी भिस्त. तिने मला दोष दिला नाही, रडून गोंधळ केला नाही. नुसते माझ्याकडे पाहून आमच्या अहिराणीत विचारले, "सर, तुमना भाचाले गाडी येत व्हती ना?"

प्रश्न तोच होता. बहिणीला ज्याचे उत्तर मी क्षणात दिले होते, त्याचे उत्तर मला या बाईला देता आले नाही.

पाय वाचला, पण गुडघा पुन्हा पुरता वाकला नाही. गिरणीत उभ्याने करायचे काम सुटले. भाचा मात्र महिन्याभरात हिंडूफिरू लागला. एकदा मी रागाच्या भरात त्याला विचारले, "अरे, घाटात गाडी न्यूट्रल करायची हे तुला शिकवले कोणी?" त्याने खाली मान घातली आणि म्हणाला, "मामा, तापीच्या पुलाकडे उतरताना तुम्हीच तर करत होता. पेट्रोल वाचतं म्हणून."

खरेच होते ते. मैदानावर मी त्याला जे सांगितले ते त्याने परवान्यासाठी लक्षात ठेवले. माझ्यामागे बसून त्याने जे पाहिले ते तो शिकला. जी काटकसर सपाटीवरच्या दोन पावलांच्या उतारावर खपून गेली, तिनेच घाटात एका निरपराध पोराचा पाय घेतला.

आपल्या मराठी भाषेत एक गमतीदार क्रियापद आहे. आपण म्हणतो, मला पोहायला येते, मला वाचता येते, मला गाडी येते. जणू ती विद्या कुठून तरी चालत आपल्याकडे येते आणि घरात राहू लागते. पण ती पूर्ण आली आहे की अर्धी उंबरठ्याबाहेर उभी आहे, हे कसे ओळखावे? शाळेत आम्ही गुण देतो, परीक्षक परवाना देतो, मामा आपला शब्द देतो. तिन्ही दाखले सपाट जमिनीवरचे असतात. आम्ही खानदेशातली माणसे मुळातच सपाटीची. तापीच्या दोन्ही काठांना काळ्या मातीचे शेत पसरले आहे, रस्ते सुतासारखे सरळ आहेत, आणि उत्तरेला क्षितिजावर निळी रेघ दिसते तीच आमची डोंगराशी ओळख. या रस्त्यांवर दहा वर्षे गाडी चालवलेला मनुष्यही घाटात नवशिकाच असतो. फरक इतकाच की, खऱ्या नवशिक्याला आपण नवशिके आहोत हे ठाऊक असते.

या विचारात मी असताना मला आमच्याच सातपुड्यातला एक चिरंजीव आठवला. धडगावकडच्या डोंगरांत अस्तंबा नावाचे तेराशे मीटरहून उंच शिखर आहे. ते अश्वत्थाम्याचे स्थान मानतात. ऐन दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, तिथे यात्रा भरते. हजारो आदिवासी बांधव आणि इतर भाविक रात्रीबेरात्री ती चढण चढतात. कपाळावरची भळभळती जखम घेऊन अश्वत्थामा या रानात अजून हिंडतो आणि वाटसरूंकडे जखमेसाठी तेल मागतो, असे लहानपणी आजी सांगत असे. दिवाळीत अभ्यंगाचे तेल वाटीत घेतले की मला हमखास तो आठवे आणि भीती वाटे.

पण अश्वत्थाम्याला हा शाप का मिळाला, ते मोठेपणी महाभारत वाचताना मला नीट कळले. युद्धाच्या अखेरीस त्याने अस्त्र सोडले, आणि त्याला उत्तर म्हणून अर्जुनानेही सोडले. दोन अस्त्रांच्या मध्ये ऋषी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, दोघेही आपापले अस्त्र मागे घ्या. अर्जुनाने घेतले. अश्वत्थाम्याला ते घेता येईना. त्याला अस्त्र सोडता येत होते, आवरता येत नव्हते! मग ते पडले कोणावर? ज्याच्याशी वैर होते त्याच्यावर नव्हे. उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर. आणि हे अस्त्र त्याला दिले होते कोणी? त्याच्या बापाने, द्रोणाने. अर्जुनाला दिले तेव्हा गुरू प्रसन्न होता. मुलाने हट्ट धरला तेव्हा फारशा खुशीने नव्हे, पण दिले. माणसांवर सोडू नकोस, अशी ताकीदही दिली. पुत्रप्रेम आणि एक ताकीद, एवढ्या शिदोरीवर त्याने त्या तरुण हातांत अस्त्र ठेवले.

दर पाडव्याला आपल्या गल्लीत मी द्रोणाचार्य पाहतो. मीही त्यांतलाच एक. किल्ली हातात ठेवताना आपण म्हणतो, "हळू जाय रे भो." ही ताकीद झाली. हळू कसे जायचे, ही विद्या निराळी. ती आपण दिलेली नसते.

ती विद्या फार अवघड आहे असेही नाही. आमचे आजोबा बैलगाडी घेऊन उतारावर आले की गाडीतून खाली उतरत, कासरा आखडून बैलांच्या तोंडापुढे चालत, आणि चाकाला लाकूड लावून गाडीची ओढ धरून ठेवत. सपाटीवर बैल गाडी ओढतात, उतारावर गाडी बैलांना लोटते, हे त्यांना शाळेत न जाता कळले होते. यंत्राच्या गाडीलाही हाच न्याय लागू आहे. गणिताचीच आवड असेल त्याने हिशेब करून पाहावा. उभ्या उंचीने १०० मीटर खाली येताना कोणतीही वस्तू अडवली गेली नाही, हवेनेही नाही, तर तिचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर होतो. घाटाची उतरण तर १०० मीटरच्या कितीतरी पट असते. ही सगळी ओढ कुठेतरी जिरावी लागते. इंजिन बंद असेल, गाडी न्यूट्रलमध्ये असेल, तर ती सगळी ब्रेकच्या त्या चार बोटे रुंद लायनरमध्ये उष्णता होऊन जिरते. आणि लायनर तापले की त्यांची पकड सुटते. म्हणून जुने ट्रकवाले सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. दुसऱ्या किंवा पहिल्या गिअरमध्ये गाडी ठेवली की इंजिन स्वतःच तिला मागे ओढून धरते, आजोबांच्या कासऱ्यासारखे. ब्रेक मग थोडा थोडा, दोन्ही मिळून लावायचा आणि सोडायचा. दाबून बसायचे नाही. वेग कमी करायचा तो वळण येण्यापूर्वी, सरळ रस्त्यावर. वळणात शिरल्यावर ब्रेक आवळला की खडीवर चाक निसटते. वेग दुप्पट झाला तर थांबायला चौपट अंतर लागते. आंधळ्या वळणावर आपली डावी बाजू सोडायची नाही, हॉर्न द्यायचा, आणि नजर दरीकडे नव्हे, वळण जिथे संपते तिथे ठेवायची. कारण गाडी नजरेमागे जाते. नवख्याने पहिला घाट एकट्याने करावा, दिवसाउजेडी करावा, कोरड्या रस्त्यावर करावा. मागे बसलेल्या माणसाच्या वजनाने गाडीचा तोल आणि थांबण्याचा अंदाज दोन्ही बदलतात, आणि हा अंदाज दुसऱ्याच्या जिवावर शिकू नये.

इतके सगळे सांगायला पाच मिनिटे लागतात. मी ती पाच मिनिटे दिली नाहीत. कारण मलाही ते ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नसताना "येते" म्हणालो.

यावर तरुण वाचक म्हणेल, "जीव माझा आहे. त्याचे काय करायचे ते मी ठरवीन." हा युक्तिवाद तुच्छतेने झटकून टाकावा असा नाही. स्वतःच्या जिवावर उदार होणाऱ्यांमुळेच डोंगर चढले गेले, समुद्र ओलांडले गेले. ज्या घरात मुलाला पाण्यात उतरू देत नाहीत, झाडावर चढू देत नाहीत, त्या घरात मुलगा सुरक्षित राहतो, पण मोठा होत नाही. एकट्याने, मोकळ्या रस्त्यावर, दुसऱ्या कोणालाही न धडकता जर एखाद्याला आपला जीव धोक्यात घालता आला असता, तर मी फार तर त्याच्या आईची बाजू मांडली असती आणि गप्प बसलो असतो. पण असा रस्ता आहे कुठे?

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरची होती. हेल्मेट नसलेल्यांचे त्या वर्षीचे मृत्यू ५०,०२९. हा आकडा मी अनेकदा वाचला होता. पण त्याची फोड पाहिली तेव्हा मी थबकलो. त्यांतले १४,३३७ जण गाडी चालवत नव्हते. मागे बसले होते. त्यांच्या हाती ना कासरा होता, ना ब्रेक. त्यांनी फक्त पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला होता. चांगले हेल्मेट नीट पट्टा लावून घातले तर मृत्यूचा धोका शेकडा ४० च्या आसपास कमी होतो, हे अभ्यासांती सिद्ध झाले आहे. कायद्याने ते मागच्यालाही सक्तीचे आहे. पण आपल्याकडे घरात हेल्मेट असते एकच, आणि ते चालवणारा घालतो. भाच्यानेही तेच केले. ते मी त्याला घेऊन दिले होते. दुसरे घ्यावे हे मला सुचले नाही.

आणि मागे बसलेलाच कशाला? ४ जुलै २०२३ रोजी आमच्याच तालुक्यात, मुंबई-आग्रा महामार्गावर पळासनेरला, ब्रेक निकामी झालेला एक कंटेनर वाटेतल्या गाड्यांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसे गेली. कोणी चहा पीत होते, कोणी बसची वाट पाहत होते. त्यांपैकी एकानेही त्या सकाळी कसलेच साहस करायचे ठरवले नव्हते. उतारावर सुटलेली वस्तू कोणाला लागते, हे सोडणारा ठरवू शकत नाही. अश्वत्थाम्यालाही ते ठरवता आले नाही. म्हणून "जीव माझा" या वाक्यात मला चूक दिसते ती 'जीव' या शब्दात नव्हे, 'माझा' या शब्दात.

दुसरे उत्तर वडीलधाऱ्यांचे असते. ते म्हणतात, "वेळ आली होती. देवीने थोडक्यात निभावले." या श्रद्धेची मी थट्टा करणार नाही. दुःखाच्या वेळी माणसाला टेकायला भिंत लागते. सप्तशृंगीच्या गडावर भगवे निशाण लावून जाणाऱ्या शेकडो पोरांच्या मनातला भाव खरा असतो. परंतु नियतीचा एक गुण मी पाहून ठेवला आहे: ती नेहमी अपघातानंतर आठवते. किल्ली देताना, लायनर न तपासता गाडी काढताना, झिजलेल्या टायरवर घाट चढताना तिचे नाव कोणी घेत नाही. त्या वेळी सारे आपल्याच हातात असते. मी स्वतः कादंबरीकार म्हणून हा अपराध केला आहे. माझ्या एका कादंबरीत नको असलेले एक पात्र दूर करायचे होते. कथा पुढे सरकेना. मी त्याला मोटरसायकलवर बसवले, घाटात नेले आणि दोन ओळींत संपवले. वर लिहिले की नियतीला हेच मान्य होते. वस्तुतः नियतीचा त्यात काही संबंध नव्हता. माझी सोय होती. आता वाटते, खऱ्या घाटातही नियतीच्या नावाखाली कोणाची ना कोणाची सोयच लपलेली असते. माझ्या बाबतीत ती चार रुपयांच्या पेट्रोलची सोय होती.

मग दोष कोणाचा? कायद्याचे उत्तर स्वच्छ आहे. मुलगा अठराच्या आतला असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. अठरा पुरी झाली की पालक सुटला. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि मी चित्रकलेचा मास्तर असल्याने रेघेची किंमत जाणतो. पण छाया-प्रकाशाचे चित्र काढताना आम्ही मुलांना सांगतो की, निसर्गात रेघ नसते. उजेड हळूहळू सावलीत जातो. जबाबदारीचेही तसेच आहे. भाच्याचा दोष आहेच. गाडी त्याच्या हातात होती आणि मामाने केले म्हणून आपणही करावे, इतका तो लहान नव्हता. तो त्याने नाकारलाही नाही. पण त्याच्या दोषाला आपला दोष टेकवून मला मोकळे होता येत नाही. दोष म्हणजे काही भाकरी नव्हे, की एकाने अर्धी घेतली म्हणजे दुसऱ्याला अर्धीच उरावी. तो प्रत्येकाला पुरा येतो.

त्या सुमारास मला कोणीतरी घाटातला एक जुना नियम सांगितला. १९८९ साली केंद्र सरकारने केलेल्या रस्त्याच्या नियमांत तो लिहिलेलाच होता, आणि घाटाचा शिष्टाचार म्हणून आजही चांगले चालक तो पाळतात. डोंगरात रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने बाजूला थांबावे आणि चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. कारण साधे आहे. चढणारी गाडी ओझे घेऊन झगडत असते. तिला थांबवले तर पुन्हा हलवणे कठीण. उतरणाऱ्याला काही कष्ट नसतात. त्याने फक्त स्वतःला आवरायचे असते. ज्याला सोपे आहे त्याने थांबावे, ज्याला अवघड आहे त्याला वाट द्यावी. इतका सुंदर नीतिनियम मोटारींच्या कायद्यात सापडेल असे मला वाटले नव्हते. आणि लगेच ध्यानात आले की, या नियमासाठी नुसते सौजन्य पुरत नाही. उतरणाऱ्याच्या मनात कितीही आदर असला, तरी त्याला थांबताच येत नसेल तर तो आदर जीपवाल्यांच्या काय कामाचा? माझा भाचा वाईट मुलगा नाही. त्याला त्या जीपला वाट द्यायचीच होती. चांगुलपणालाही ब्रेक लागतो, आणि तो आधी तपासून ठेवावा लागतो.

पुढल्या उन्हाळ्यात मी भाच्याला घेऊन बिजासनीच्या घाटाकडे गेलो. दोन गाड्या, दोन हेल्मेटे. देवीला नमस्कार केला आणि मग तासभर नुसते वळणावर उभे राहून ट्रक कसे उतरतात ते पाहिले. भरलेला ट्रक पाय मोजत उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा घुमत घुमत खाली येत होता. चालकाला कसलीही घाई नव्हती. त्यानंतर आम्ही दोघे दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. माझे वय चाळीसच्या पुढे, आणि घाट उतरायला मी त्या दिवशी पहिल्यांदा शिकलो. खाली आल्यावर भाचा म्हणाला, "मामा, हे आधी केलं असतं तर..." त्याने वाक्य पुरे केले नाही आणि मीही केले नाही.

आता तो मित्र एका दुकानात बसून हिशेबाचे काम करतो. भाचा दर रविवारी त्याच्याकडे जातो. दोघांत काय बोलणे होते ते मी विचारत नाही.

यंदा दसऱ्यानंतर त्या मित्राची आई माझ्या दारी आली. धाकट्या मुलाला अठरा पुरी झाली आहेत, गिरणीत जायला गाडी हवी, थोरल्याच्या जुन्या गाडीची डागडुजी करून घेतली आहे. ती म्हणाली, "सर, याले तुम्हीच शिकाडा." मी तिच्याकडे पाहतच राहिलो. दुसऱ्या कोणाकडे का नाही, हे विचारण्याचा मला धीर झाला नाही. महिनाभर रोज सकाळी मुलाला घेऊन मैदानावर गेलो. त्याच्यादेखत मी कुठल्याही उतारावर गाडी न्यूट्रल केली नाही.

परवा ती बाई पुन्हा आली. फराळाचा डबा ओट्यावर ठेवला आणि तिने तोच प्रश्न विचारला: त्याला गाडी येते ना?

मी म्हणालो, "सपाटीवर येते. घाटात अजून येत नाही. दिवाळी झाली की मी त्याला घेऊन जाईन. तोवर त्याला डोंगराकडे जाऊ देऊ नका."

मला वाटले होते, तिचा चेहरा उतरेल. पण तिने मान हलवली, डब्यातल्या करंज्या आमच्या ताटात काढल्या आणि रिकामा डबा घेऊन ती निघून गेली.